दिव्याखालचं रबर

आमचे हे माजरीच्या कोळसा खाणीत पस्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते आणि ह्यांच्या जोडणीत चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं ह्यांचं स्वतःचं मत आहे. मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवून निवृत्त झाले. म्हणजे घरात वीज कळणारी माणसं दोन, पण मान एकालाच.

निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, दाराबाहेर दिवा. पलंग खास माझ्या ताईसाठी. ती कुरखेड्याला असते. पाठीच्या ऑपरेशननंतर तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही, त्यामुळे एसटी बंद, जीप बंद. तिला सिरोंच्याला जाऊन गोदावरी पाहायची होती. दोनदा तारीख ठरली, दोनदा ती पिशवी घेऊन तयार राहिली आणि दोन्ही वेळा ऐनवेळी गाडीचं काहीतरी निघालं. दुसऱ्यांदा मी तसं कळवलं तेव्हा ती फोनवर शांतपणे म्हणाली, "आता तारीख सांगू नोको मले. दारात येऊन हॉर्न वाजव, तं मी समजीन." ते मला फार लागलं.

तिसऱ्यांदा निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी बाहेरचे गंजलेले दिवे बदलायला काढले. मागचे दोन्ही आणि दारावरचा. नवे ट्रकचे, दणकट, पत्र्याच्या बुडाचे. टेबलावर बॅटरीला लावून पाहिले, सगळे लख्ख. गाडीवर बसवले आणि गाडीच्या अंगात आलं. ब्रेक दाबला की मागे अंधार आणि पुढचे छोटे दिवे मिणमिणायचे. इंडिकेटर मागचा द्यावा तर डोळे मिचकावायचे पुढचे. दारावरचा तर मेलेलाच.

ब्रेकचा दिवा नसलेली गाडी कोळशाच्या ट्रकांपुढे न्यायची नाही, हा ह्यांचा नियम, आणि तो मलाही मान्य. दुपारपर्यंत ह्यांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलले, मग ज्याच्याकडून दिवे आणले त्या दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. नाचता येईना अंगण वाकडं.

"वायरिंगमंदी काई नाई," हे म्हणाले. "मालच खराब हाये."

"टेबलावर तं लागत होते ना?"

"मॅडम, हे आठवीचं पुस्तक नाई."

माझं डोकं फिरलं. आठवीच्या पुस्तकाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. वर्गात दरवर्षी मी स्टीलचा टॉर्च उघडून दाखवायचे. विजेला जायला एक वाट लागते आणि परत यायला दुसरी, आणि टॉर्चमध्ये परतीची वाट म्हणजे टॉर्चचं अंगच. मी गाडीमागे जाऊन बसले आणि नीट पाहिलं. दिव्यात जाणाऱ्या वायरी होत्या, परत येणारी एकही नव्हती. टेबलावर ह्यांनी ती परतीची वायर दिव्याच्या पत्र्याला हाताने धरली होती. गाडीवर ते काम बॅटरीला जोडलेल्या गाडीच्या लोखंडाने करायचं. आणि दिवा न् लोखंड यांच्यामध्ये होती काळ्या रबराची जाड चकती, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याच्या तुकड्यातून कापलेली. बोल्टलासुद्धा प्लास्टिकच्या नळीचा सदरा घातलेला.

"हे रबर काऊन लावलं?"

"काऊन म्हणजे? करंट गाडीच्या अंगाले लागू नये म्हणून."

खाणीत यंत्राच्या अंगाला करंट लागला म्हणजे माणूस गेला. पस्तीस वर्षं ह्यांनी हीच एक गोष्ट होऊ दिली नाही. मी वायरीचा एक तुकडा घेतला, एक टोक दिव्याच्या पत्र्याला लावलं, दुसरं गाडीच्या सांगाड्यातल्या उघड्या बोल्टला.

"ब्रेक दाबा."

लाल दिवा भक्कन लागला. हे खाली उतरून मागे आले, दिव्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. बराच वेळ स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहत राहिले.

"मले मालूम होतं," हे म्हणाले. "या हातायले मालूम नव्हतं."

त्या हातांचा मला इतका अभिमान वाटला की टोमणा तोंडातच राहिला. तो मी चहानंतर मारला. मग दोघांनी मिळून रबरं काढली, सांगाड्याचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळले. ऊन उतरायच्या आत सगळे दिवे शहाण्यासारखे लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुरखेड्याला ताईच्या दारात गाडी थांबली. फोन केलाच नव्हता. मी ह्यांच्या अंगावरून हात घालून हॉर्न दाबला. तो पुरता वाजायच्या आत ताई दारात आली, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी.

"जयभीम," ती म्हणाली. "चला."

"अवं, इतक्या लवकर पिशवी भरली कवा?"

"पयल्या बारीचीच हाये. सोडलीच नाई मी."

हे खाली उतरले. तिच्या हातातली पिशवी घेतली, भर उन्हात दारावरचा दिवा लावला आणि तिला धरून पलंगापर्यंत नेलं. मी जागची हलले नाही. काही कारण नसताना हॉर्न आणखी दोनदा वाजवला.