बाईंचा चिनी मनोरा

क्षेमकल्याणी बाई कुणाच्याही घरी गेल्या, की यजमानांकडे बघण्याआधी भिंतीकडे बघायच्या. डावा डोळा मिटायचा, मान किंचित तिरकी करायची आणि दाराची चौकट वरपासून खालपर्यंत तपासायची. मी इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत राहायला गेलो, त्या दिवशी पहिल्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर त्या अशाच माझ्या स्वागताला आल्या.

"पगार ना तू? दहावी ब, मागचा बाक."

मी हो म्हणालो.

"आता काय करतोस?"

"बिल्डरकडे साइट इंजिनिअर आहे, बाई."

त्यांनी पुन्हा एकदा माझ्या चौकटीकडे पाहिलं. "तुला भूमिती मी शिकवली हे इथे कुणाला सांगू नकोस," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

नाशिकच्या निम्म्या इंजिनिअरांना बाईंनी भूमिती शिकवली असेल. शहराकडे पाहून ते ओळखू येत नाही, हा दोष त्यांचा नव्हे. त्यांचं घराणं गोदाघाटावरचं, पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचे विधी सांगणारं. "आमच्याकडे सगळे मंत्र सांगायचे, मी प्रमेयं सांगितली," त्या म्हणायच्या. "समोरच्याला दोन्ही कळत नाहीत. माझ्या वर्गात दक्षिणा नव्हती, एवढाच फरक." लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर "कोन जुळला नाही" एवढं उत्तर मिळे. वही कितीही सुबक असली तरी त्यांचा शेरा ठरलेला: "छान. आता नीट कर."

अशा बाई निवृत्त झाल्यावर भजनी मंडळात जातील, निदान जॉगिंग ट्रॅकवरच्या हास्य क्लबात तरी, अशी सोसायटीची अपेक्षा होती. बाई एकदा हास्य क्लबात गेल्याही. परत येऊन म्हणाल्या, "विनोद झाल्याशिवाय मला हसता येत नाही. वयाचा परिणाम." आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागदाचा चिनी मनोरा बांधायला घेतला.

सात मजल्यांचा, अष्टकोनी, प्रत्येक मजल्याला वर वळलेल्या कोपऱ्यांचं छप्पर, छपराखाली एकावर एक रचलेल्या टेकूंच्या ओळी, कोपऱ्याकोपऱ्याला घंटा. त्यांच्या भाच्याने कुठल्याशा चिनी संकेतस्थळावरून त्याचे आराखडे उतरवून दिले होते. ते जाड कागदावर छापून आणायचं काम माझ्याकडे आलं. झेरॉक्सवाल्याने गठ्ठा मोजताना विचारलं, "साहेब, नवीन स्कीम का? बुकिंग चालू झालं?" मी आपलं हो म्हटलं. आमच्या कंपनीचं बुकिंग याहून कमी कागदांवर चालू होत असे.

सूचना सगळ्या चिनीत होत्या. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. "बरंच झालं. सूचना वाचता आल्या की माणसं आकृती बघत नाहीत."

"पण बाई, चिनी मनोराच का? काळाराम मंदिर करा, लोक कौतुक करतील."

"काळाराम मंदिरात खांब चुकला तर अख्खं नाशिक सांगायला येईल. हा मनोरा इथे कुणी पाहिलेला नाही. चुकला तरी फक्त मलाच कळणार. तिथे न चुकता काम करायचं, त्यात मजा आहे. तुला नाही कळायचं, तू प्लास्टरवाला."

खरं कारण दुसरं होतं, ते मला हळूहळू कळलं. बाईंचा उजवा हात थरथरायला लागला होता. पाण्याचा पेला धरताना दिसायचं; कागद कापायची पाती धरली की मात्र हात मनगट टेकवून गप्प बसायचा. डॉक्टरांनी हे वाढत जाईल असं सांगितलं होतं. बाईंनी हाताला काम लावून ठेवलं होतं, जमेल तितके दिवस.

रविवारी सकाळी मी मदतीला जाऊ लागलो. मदत हा माझा शब्द. कागदाच्या पट्ट्या विणकामाच्या सुईवर गुंडाळून छपराची कौलं करायची, मैद्याच्या खळीने चिकटवायची, चिमट्याने दाबून धरायची. पंचेचाळिसाव्या वर्षी, हाताखाली चाळीस माणसं असताना, मी कौलं वळत होतो आणि बाई एक डोळा मिटून ती नाकारत होत्या. "अष्टकोनाचा एक कोन किती अंशाचा?" मध्येच विचारायच्या. मी "एकशे पस्तीस" म्हटलं की, "चला, पगार वाया नाही गेला," म्हणायच्या. हा विनोद दर रविवारी होई.

दुसऱ्या मजल्याच्या वेळी बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या पंधरा दिवस भाचीकडे राहिल्या. जाताना किल्ली देऊन सांगून गेल्या, "आतली चौकट तेवढी चिकटवून ठेव. घाई नाही." आठ बाजूंची चौकट. मी सात चिकटवल्या, आठवी केसभर आखूड पडली. मी कापताना पट्टी सरकली होती. ती काढून नवी बसवायची तर एकमेकींत अडकवलेल्या सातही बाजू सोडवायला हव्यात. मी कागदाची एक बारीक चिपटी फटीत सरकवली, वर खळ चोपडली आणि छपराचा भाग बसवून टाकला. बाहेरून काही दिसत नव्हतं. एवढ्या वर्षांचा अनुभव कामी आला.

बाई परत आल्या, नव्या डोळ्याने बघून "बरं आहे" म्हणाल्या. त्यांच्याकडून इतकं मिळाल्यावर मी काही बोलेन, हे शक्यच नव्हतं. पुढच्या चार महिन्यांत त्यांनी तिसरा, चौथा, पाचवा आणि सहावा मजला चढवला. हात दिवसेंदिवस कमी साथ देत होता. काही दिवस एक टेकू चिकटवण्यात सकाळ जायची.

सहाव्या मजल्यावर त्यांनी दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडला. मनोरा कलला होता. फार नाही, दोन दोरे मावतील इतका.

"पावसाळी हवा आहे, बाई," मी म्हणालो. "कागद फुगतो."

"हो का? आणि फक्त पूर्वेकडेच फुगतो?"

त्यांनी पाती घेतली आणि वरून एकेक मजला सोडवायला सुरुवात केली. सहावा आणि पाचवा अख्खे निघाले. चौथा आणि तिसरा निघताना फाटले. मी समोर बसून फाटलेले तुकडे गोळा करत होतो. दुसऱ्या मजल्याचं छप्पर निघाल्यावर त्यांनी चिमट्याने ती चिपटी उचलली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ही कुणी घातली?"

"मी. थोडं कमी पडलं होतं, म्हणून..."

बाई चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फाटलेला चौथा मजला समोर ओढला. मग म्हणाल्या, "चुकलास त्याचं काही नाही. मी पाचव्यावर तीनदा चुकले. पण तू झाकलंस, आणि मी चार महिने त्यावर इमानाने बांधत बसले. हा हात आता ते चार महिने परत देणार नाही, पगार."

मी सॉरी म्हणालो. "छान," त्या म्हणाल्या, "आता नीट कर." आणि आत जाऊन पडल्या.

सोमवारी मी पाथर्डी फाट्याच्या साइटवर गेलो. तिथे पार्किंगमधला एक खांब शनिवारी साचा काढल्यावर आतून पोकळ, खडी उघडी पडलेला निघाला होता. मी तो पाहिला होता आणि काही न बोलता घरी आलो होतो. ठेकेदार बापू प्लास्टरचा माल कालवून तयारच होता.

"बापू, हा खांब फोडायचा."

"साहेब, लय चांगला खांब हाय. प्लास्टर मारलं की काय दिसतंय? नाय दिसत काही."

"फोडा. अजून वरचा स्लॅब टाकलेला नाही."

"शनवारी तर तुमी काही बोलले नाय."

"शनिवारी चुकलं माझं."

बापूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आला असावा. खांब फुटला, पुन्हा भरला गेला, काम आठवडाभर लांबलं. आमच्या मालकांनी माझ्या कर्तव्यनिष्ठेची तातडीने दखल घेतली आणि मला विंचूरला एका गोदामाच्या कुंपणावर देखरेख करायला पाठवलं. रोज सकाळी तिकडे जायचं, भिंत कालच्या जागीच आहे याची खात्री करायची आणि परत यायचं.

बाईंना हे सांगितलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं. "कुंपणावर? म्हणजे आता कुठेच चुकायला जागा नाही. अभिनंदन." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खांब फोडलास ते बरं केलंस. वर माणसं राहणार आहेत."

त्यानंतर काम उलटं झालं. बाई खुर्चीत बसून बोलायच्या आणि मी कापायचो. दुसऱ्या मजल्याची चौकट मी पुन्हा केली. तिसरा आणि चौथा मजला मी केला, एकेक बाजू त्यांना दाखवून. सातवाही.

मध्येच गणपती आले. सोसायटीचे सेक्रेटरी देवरे सजावटीसाठी मनोरा मागायला आले, पाहून खूष झाले, मग चिनी आहे हे कळल्यावर गंभीर झाले. "मॅडम, चिनी माल बाप्पासमोर कसा ठेवणार? असं करू, वर कळस बसवू आणि मंदिर म्हणू."

"देवरे, कागद इथला, खळ माझ्या गॅसवरची, पाठदुखी तर अस्सल नाशिकची," बाई म्हणाल्या. "चिनी त्यात फक्त चिकाटी आहे. ती नको असेल तर राहू द्या." मनोरा घरीच राहिला. बाप्पा नेहमीप्रमाणे थर्माकोलच्या कैलासावर बसले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी शिखर बसलं. बाईंनी खुर्ची ओढायला लावली आणि भिंग घेऊन आठही बाजू तपासल्या. तासभर गेला असेल. मी पंचेचाळिसाव्या वर्षी निकालाला उभा होतो. त्यांनी ओळंबा सोडायला सांगितला. दोरा सगळीकडून सारखा राहिला. त्यांनी भिंग खाली ठेवलं. शेवटी म्हणाल्या, "काही सापडत नाही रे," आणि त्यांच्या आवाजात तक्रार होती. मग डोळे पुसले. नव्या डोळ्याला पाणी येतं, असं कारण त्यांनी स्वतःहूनच दिलं.

त्या मार्चमध्ये गेल्या. झोपेतच, कुणाला त्रास न देता. याबद्दल सोसायटीच्या शोकसभेत त्यांचं विशेष कौतुक झालं. भाच्याने घर रिकामं करताना मनोरा सोसायटीला दिला. देवऱ्यांनी उत्साहाने त्याला काचेची पेटी करून ऑफिसात ठेवलं आणि खाली पितळी पाटी लावली: 'प्राचिन भारतिय मंदीर. सोसायटीचा उपक्रम.'

मी त्यांना पाटीत काय काय चुकलंय ते सांगितलं. सगळंच चुकलं होतं, म्हणून वेळ लागला.

"अहो पगार साहेब, ऑफिसात येतंय कोण वाचायला?" देवरे म्हणाले.

मी घरून पेचकस आणला आणि ती पाटी काढली. तिच्या जागी जाड कागदाचा एक तुकडा लावला. देवऱ्यांनी अजून तो काढलेला नाही. बहुधा वाचलाच नसावा. त्यावर मी शाईने, पट्टी धरून लिहिलं आहे:

'चिनी मनोरा, सात मजले. बांधणी: क्षेमकल्याणी बाई, भूमिती शिक्षिका. दुसरा मजला पगारने चुकवला होता. तो पुन्हा केला आहे.'