वीस घरांत न मावणारं नाव

तंजावूरच्या बाहेर, भातशेतीच्या मधोमध असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सी भाषा शिकवते. टाउन बस कालव्याच्या पुलावर सोडते, तिथून दहा मिनिटं चालत जावं लागतं. त्या वर्षी कॉलेजात तपासणी समिती येणार होती. प्रिन्सिपॉलांनी स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं, की प्रत्येक विभागानं काहीतरी नवीन दाखवलं पाहिजे आणि त्याला खर्च येता कामा नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरबसल्या एक ऑनलाइन कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट हौसेनं फाइलला लावलं होतं. ते कोणाच्या तरी लक्षात होतं. काम माझ्याकडे आलं.

कोर्स स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचा होता. म्हणजे प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून, त्यातल्या धोक्याच्या जागा शोधायच्या. वाचणाराही एक प्रोग्रॅमच असतो. तो ओळ न ओळ वाचतो, कंटाळत नाही, आणि कोणी लिहिलं आहे ते बघत नाही. हा शेवटचा गुण आमच्या कॉलेजात अडचणीचा ठरेल हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

असं एक फुकटचं टूल मी लॅबच्या मशीनवर टाकलं आणि सेकंड इयरच्या मुलांनी जमा केलेल्या फाइली त्याला वाचायला दिल्या. चौसष्ट मुलं, चौसष्ट फाइली. पाच मिनिटांत रिपोर्ट आला. चौसष्ट फाइलींत एकच तक्रार, तीही एकाच ओळीवर: नाव साठवायला जागा ठरावीक आहे, पण नाव वाचताना किती अक्षरं आली ते कोणी मोजत नाही. जागा संपली तर उरलेली अक्षरं शेजारच्या माहितीवर जाऊन बसतील.

मला संताप आला. तो सुरक्षेचा नव्हता, कॉपीचा होता. दुसऱ्या दिवशी वर्गात मी पंधरा मिनिटं बोलले. स्वतःच्या डोक्यानं लिहा म्हटलं, चूक करायची तर निदान आपली आपण करा म्हटलं. सगळे खाली मान घालून ऐकत होते. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, ती ओळ लॅब मॅन्युअलमधली आहे. नववा प्रोग्रॅम. आहे तसाच लिहा, असं तुम्हीच सांगितलं होतं."

मी मॅन्युअल उघडून पाहिलं. ती म्हणत होती ते खरं होतं.

हे मॅन्युअल आमच्या विभागप्रमुखांनी लिहिलेलं. मी याच कॉलेजात शिकत होते तेव्हा ते मला सी शिकवायचे. तेव्हापासून मॅन्युअल तेच आहे, फक्त झेरॉक्सची झेरॉक्स होत होत अक्षरं जाड झाली आहेत. सर भले माणूस. वर्गात कधी आवाज चढवला नाही, कोणाला नापास केलं नाही, आणि आपल्या मॅन्युअलबद्दल इतका अभिमान की कव्हरवरचं नाव पुसट दिसायला लागलं की दरवर्षी स्वतः पेनानं गिरवायचे.

रिपोर्ट घेऊन मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"यात 'शक्यता' म्हटलंय, मा," ते म्हणाले. आमच्याकडे मोठी माणसं मुलीला, विद्यार्थिनीला असंच 'मा' म्हणतात, आणि सरांच्या लेखी मी अजून सेकंड इयरलाच होते. "शक्यता तर कशाचीही असते. इतकी वर्षं मुलं हा प्रोग्रॅम लिहितायत. एक तरी कॉम्प्युटर बिघडला?"

"बिघडत नाही सर. पण नावाला वीसच घरं ठेवली आहेत, एका अक्षराला एक."

"पुरतात की. एक इनिशियल, एक टिंब आणि नाव. इथं कोणाचं नाव वीस घरांत मावत नाही?"

"माझं," मी म्हटलं.

सर हसले. त्यांना आठवत नव्हतं. मला मात्र सगळं लख्ख आठवत होतं.

इथल्या तमिळ माणसाचं नाव आटोपशीर असतं. बापाचं नाव एका अक्षरात आवरून पुढे आपलं नाव. आमच्या मराठी घरांत तसं नाही. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कोणाला देवनागरी वाचता येत नसेल, पोरं मराठीत विचारलेल्याला तमिळमध्ये उत्तर देत असतील, पण कागदावर नाव लिहायची वेळ आली की स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी 'राव' हे सगळं आलंच पाहिजे. माझं नाव इंग्रजीत लिहिलं की मधल्या मोकळ्या जागा धरून तेवीस अक्षरं होतात.

युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकलला मला हाच नववा प्रोग्रॅम आला होता. आधी मार्क विचारायचे, मग नाव, मग दोन्ही छापून दाखवायचं. बाहेरून आलेले परीक्षक मागे उभे होते. मी मार्क टाकले अठ्ठ्याण्णव आणि नाव टाकलं पूर्ण. स्क्रीनवर आलं, शंभरपैकी चोवीस हजार नऊशे शेहेचाळीस. परीक्षक म्हणाले, इतके मार्क तर माझी युनिव्हर्सिटी मलाही देणार नाही. सगळी लॅब हसली. मी ओळ न ओळ तपासली, मॅन्युअलशी ताडून पाहिली, काही सापडेना. शेवटी सर हळूच जवळ आले आणि कानात म्हणाले, "नाव छोटं टाक, मा. इनिशियल घाल." मी घातलं. अठ्ठ्याण्णव आले. मी पास झाले.

घरी हे सांगितलं तेव्हा आमचे अप्पा, म्हणजे वडील, जेवत होते. मार्कांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. "नाव काय म्हणून लहान कराचं?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, मशीनला चालत नाही. "मग मशीनच सारखी करा की," म्हणजे नीट करा, असं म्हणून त्यांनी रसम वाढून घेतलं. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, असं मी त्या रात्री आईला सांगितल्याचंही मला आठवतं.

त्या आकड्याचं कोडं मला आत्ता, मॅन्युअलमधली ती ओळ पुन्हा पाहिल्यावर सुटलं होतं. एकविसावं आणि बाविसावं अक्षर, म्हणजे 'राव'मधली पहिली दोन इंग्रजी अक्षरं, नावाची जागा संपल्यामुळे शेजारी, मार्कांच्या जागेवर जाऊन बसली होती. मशीननं ती आकडा म्हणून वाचली. बिचाऱ्या मशीननं काही चूक केली नव्हती.

हे सगळं मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं, पण ही वर्गातली गोष्ट. यात सुरक्षेचा काय संबंध? तुझं नाव लांब आहे म्हणून चोर येतो का?"

प्रश्न योग्य होता. नेटवर लाखो लोक वापरतात अशा प्रोग्रॅममध्ये हीच ओळ असली, तर अनोळखी माणूस मुद्दाम लांब मजकूर पाठवून मशीनकडून हवं ते करून घेऊ शकतो, हे मी कोर्समध्ये शिकले होते. पण ती उदाहरणं दूरच्या देशांतली होती आणि सरांवर त्यांचा काही परिणाम झाला नाही. मग मला कॉलेजच्या लायब्ररीचा प्रोग्रॅम आठवला. तोही सरांनीच सीमध्ये लिहिलेला, आणि काउंटरवर रोज चालतो. मी त्याची फाइल मागितली. सरांनी ती मोठ्या विश्वासानं दिली.

टूलनं तिथंही तीच ओळ पकडली. नावाची वीस घरं, आणि त्यांच्या लगेच शेजारी एक घर, ज्यात विद्यार्थी की शिक्षक एवढंच लिहिलेलं. विद्यार्थ्याला पुस्तक पंधरा दिवस, शिक्षकाला अख्खं सत्र. आणि सरांनी अट अशी लिहिली होती, की जो विद्यार्थी नाही तो शिक्षक.

मी सरांना घेऊन लायब्ररीत गेले. ग्रंथपाल बाईंना सांगून एक नवा विद्यार्थी नोंदवला आणि नावाच्या जागी माझं पूर्ण नाव टाइप केलं. एकविसावं अक्षर त्या शेजारच्या घरात गेलं आणि स्क्रीनवर आलं: शिक्षक, पुस्तक सत्र संपेपर्यंत.

ग्रंथपाल बाई खुर्चीत सरळ झाल्या. "अस्सं!" त्या म्हणाल्या. "फायनल इयरचा तो मुलगा, त्याला एकदाही रिमाइंडर गेला नाही. मी दर वेळी विचारलं तर म्हणायचा, मॅडम, सिस्टिममध्ये माझी तारीखच आलेली नाही. मला वाटायचं खोटं बोलतोय."

"त्याचं नाव?" सरांनी विचारलं.

"सांगताना दम लागतो," त्या म्हणाल्या. मुलगा आमच्याच मागच्या गल्लीतला निघाला.

परत आल्यावर सर केबिनच्या दारात थांबले आणि म्हणाले, "म्हणजे नाव लांब असलं की माझ्या प्रोग्रॅममध्ये माणूस प्रोफेसर होतो." मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. तेच हसले.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या उत्साहानं माझ्याकडे आले. "दुरुस्त केलं, मा!" त्यांनी नवव्या प्रोग्रॅममध्ये वीसचे दोनशे केले होते. मी टूल चालवलं. तक्रार जिथल्या तिथे.

"आता काय म्हणणं आहे त्याचं?" सर चिडले. "दोनशे अक्षरांचं नाव कोणाचं असतं? तुमच्यातही नसेल!"

"नाव नसलं तरी कोणी कळ दाबून धरून दोनशे एक अक्षरं टाकू शकतं, सर. जागा वाढवून उपयोग नाही. किती घ्यायची ते मोजून घ्यायला पाहिजे."

ते माझ्याशेजारी स्टुलावर बसले. ज्या माणसानं मला पहिली ओळ लिहायला शिकवली, त्याला मी नाव मोजून कसं वाचायचं ते दाखवत होते. मला अवघडल्यासारखं होत होतं, त्यांना अजिबात नाही. वहीत लिहून घेतलं, दोन शंका विचारल्या, दुसरी शंका मलाही सुटली नाही.

तेवढ्यात समितीचा दिवस जवळ आला. प्रिन्सिपॉलांनी रिपोर्ट पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. सरांनी नववा प्रोग्रॅम सुधारला होता, पण लायब्ररीच्या प्रोग्रॅममध्ये अजून बऱ्याच तक्रारी शिल्लक होत्या.

"हे समितीला दाखवायचं? आमच्यात इतक्या चुका आहेत म्हणून?"

"चुका सापडल्या हेच दाखवायचंय, सर."

"मा, समितीला शून्य आवडतं," प्रिन्सिपॉल म्हणाले. "या टूलला तक्रारी कमी करायची सोय नाही का?"

सोय होती. अशा प्रत्येक टूलला असते. कोणत्या तक्रारी दाखवायच्या आणि कोणत्या नाहीत, हे एका छोट्या फाइलीत लिहिता येतं. ती फाइल मी माझ्या हातानं लिहिली. मला कोणी धमकावलं नव्हतं. मी फक्त मान डोलावली आणि कामाला लागले, आणि इतक्या सहजपणे लागले याचं आता वाईट वाटतं. समितीचे एक सदस्य माझ्या स्क्रीनसमोर उभे राहिले. हिरव्या अक्षरांत 'एकही दोष आढळला नाही' असं आलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, माझं अभिनंदन केलं आणि विचारलं, हे टूल दोष शोधतं म्हणजे नक्की काय करतं? मी सांगितलं. ते म्हणाले, छान, पण तुमच्याकडे दोषच नाहीत तर त्याचा उपयोग काय?

समिती गेल्यावर मी ती फाइल काढून टाकली. तक्रारी परत आल्या. त्यातल्या निम्म्या सरांनी आणि मी मिळून पुढच्या सत्रात दुरुस्त केल्या. उरलेल्या अजून आहेत.

मॅन्युअल मात्र सरांनी नव्यानं टाइप करून घेतलं. नवव्या प्रोग्रॅमखाली एक टीप घातली, की विद्यार्थ्यांनी तपासताना आपलं पूर्ण नाव टाइप करावं. मला आधी सांगितलं नाही, छापून झाल्यावर पान पुढे केलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्रॅक्टिकलचे परीक्षक म्हणून गेले. परत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. कॅन्टीनमध्ये चल म्हणाले. कॉफी आल्यावर सांगायला लागले.

"पहिल्याच मुलाला नववा प्रोग्रॅम आला. मी बघतोय, तर माझाच. अक्षर न अक्षर. वीस घरांवाला. दुसऱ्याचा तोच, तिसऱ्याचा तोच. मॅन्युअल मागितलं. माझंच मॅन्युअल, मा! झेरॉक्स होत होत तिथपर्यंत पोचलंय. कव्हरवर नाव त्यांच्या हेडचं."

"अरे! मग?"

"आधी संताप आला, माझं नाव काढलं म्हणून." त्यांनी टंबलरमधून डबऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, कॉफी ओतली, परत टंबलरमध्ये ओतली. "मग बरं वाटलं, माझं नाव काढलं म्हणून."

"मुलांना मार्क किती दिलेत?"

"पूर्ण. माझ्याच चुकीचे मार्क मी कसे कापू? पण परीक्षा संपल्यावर सगळ्यांना थांबवलं आणि दुरुस्त ओळ फळ्यावर लिहिली. मुलांनी उतरवून घेतली. त्यांच्या मॅडम म्हणाल्या, सर, मॅन्युअलमध्ये असं नाही. आमचे हेड मॅन्युअलबाहेरचं चालवून घेत नाहीत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मी म्हटलं, त्यांचं बरोबर आहे, मीही चालवून घेत नव्हतो."

त्याच आठवड्यात त्यांनी नवव्या प्रोग्रॅमचं नवं पान पाकिटात घालून त्या हेडच्या नावे पाठवलं. खाली सही केली नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी काय लिहू, म्हणून मला विचारत होते. काही लिहू नका म्हटलं. ते पोचलं का, पोचून कोणी उघडलं का, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. सर अधूनमधून विचारतात, त्यांच्या मुलांच्या फाइली मागवून टूलला वाचायला देता येतील का. मी म्हणते, मागून बघू.