पाण्याची गोळी

आमच्या बीड जिल्ह्यात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. ऊसतोडीची टोळी उभी करताना मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, दोघांचा मिळून एक. माझे आईवडील असेच एक कोयता होते, आणि माझ्या बायकोचेही. दोन्ही घरची माणसं हाडकुळी. माझी आई गेली तेव्हा तिला चौघांनी उचललं ते रिवाज म्हणून, नाहीतर मी एकटाही पुरे होतो. ते हलकेपण माझ्या खांद्याला अजून आठवतं.

मला सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉयची नोकरी लागली. कुणाच्या उसाला कधी तोड मिळणार, याची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात नेऊन देणारा तो चिटबॉय. पगार बेताचा, पण रुबाब होता. बागायतदार बोलावून चहा पाजायचे आणि चिठ्ठी उशिरा आली की तेच लोक माझा उद्धार करायचे. नोकरी लागली त्याच दिवशी मी बायकोला सांगितलं होतं, आजपासून तू कुणाचा अर्धा कोयता नाहीस, घरात बस, खा, पी.

लग्नात ती इतकी बारीक होती की हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. मग ती हळूहळू भरली. कारखान्याची सवलतीची साखर घरात होती, दारात म्हैस होती, तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा मी माझ्या हातानं ठेवायचो. सणाला तिचा भाऊ यायचा आणि म्हणायचा, "दाजी, आमच्या बहिनीची तब्येत लई चांगली केली तुमी." माझी छाती फुगायची. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या तेव्हा मी कासाराकडून मोठ्या मापाच्या आणल्या. जिना चढताना तिला धाप लागायची, तर मी म्हणायचो, खात्यापित्या घरच्या बाईला लागतेच.

गुडघे दुखतात म्हणून एकदा तिला केजच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यांच्या आधी दंडाला पट्टा गुंडाळला. पट्टा पुरेना, म्हणून मोठा मागवला. एकदा बघितलं, दहा मिनिटं बसवून पुन्हा बघितलं, मग काट्यावर उभं केलं. दवाखान्याच्या अशा दोन-तीन खेपा झाल्यावर म्हणाल्या, "रक्तदाब बराच वाढलाय. वजन कमी करावं लागेल."

मला राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी म्हणालो, "मॅडम, हिचं काहीच दुखत न्हाई डोकंबिकं. घरात खायाला हाय म्हनून अंग धरलंय तिनं. त्यात आजार कसला?"

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "शेतात मोटार आहे ना? मोटार तीच ठेवून पाइप वाढवतच नेला तर काय होतं?"

"लोड येतो."

"मग? अंगावर चढलेल्या मांसालाही रक्त पुरवावं लागतं. हृदय तेवढंच आहे. आणि मोटार जळेपर्यंत तिचंही काही दुखत नाही."

मग त्यांनी बायकोला समजावलं. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे बंद, जेवणात मीठ निम्मं, साखर कमी, रोज अर्धा तास चालायचं, आणि सकाळी एक गोळी. "ही गोळी अंगातलं जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढते. सुरुवातीला जास्त वेळा जावं लागेल. पण बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही." मी गोळी तेवढी ऐकली. वजनाचं बोलणं एस.टी. स्टँडवर येईपर्यंत विसरलो. उलट, बिचारी उगाच बोलणी खाऊन आली म्हणून तिला पावशेर जिलबी घेऊन दिली. आज लिहितानाही त्या जिलबीची मला लाज वाटते.

दर महिन्याला केजहून मी गोळ्या आणायचो. पहिले काही महिने तिनं त्या नेमानं घेतल्या, दाबही उतरला. नंतर दवाखान्यात तिनं जायची गरज नाही असं आम्ही दोघांनीच ठरवून टाकलं. मी कागद दाखवायचो आणि गोळ्या घेऊन यायचो. घरात त्या गोळीला 'पाण्याची गोळी' असं नाव पडलं.

मग ओळीनं दोन वर्षं पाऊस गेला. उरलासुरला ऊस जनावरांच्या पुढ्यात गेला, कारखान्याचा बॉयलर त्या साली पेटलाच नाही, आणि मी चिठ्ठ्यांविना घरी बसलो. गावच्या विहिरीचा तळ दिसला. म्हैस मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागलेल्या चारा छावणीत नेऊन बांधली. गावात दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि त्याच्या नळीखाली डोकी फुटायची वेळ यायची.

सरपंच माझ्या घरी आले. म्हणाले, "तुला नंबर लावायची सवय हाय. टँकरचं काम तूच हाती घे."

मी घेतलं, आणि एका अटीवर घेतलं. कारखान्यात असताना माझ्यावर एक बोल आला होता, की मी पाहुण्यांच्या उसाला आधी तोड दिली. खोटा होता, पण चिकटला होता. तो मला धुऊन काढायचा होता. म्हणून पारावर सगळ्यांसमोर मी सांगून टाकलं, माझ्या घरचा नंबर कायम शेवटी. उरलं तर घेऊ, नाही उरलं तर नाही. लोकांनी वाहवा केली. ते शब्द बोलताना मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. घरी जाऊन बायकोला विचारावं, एवढंही सुचलं नाही.

कधी तीन घागरी यायच्या, कधी एक. कधी टाकीच्या तळाचा गाळ यायचा, तो तुरटी फिरवून निवळायचा. माझ्या आंघोळीला तांब्या-दोन तांबे आणि प्यायला गार पाणी मात्र कधी चुकलं नाही. ते कुठून येतं, हे मी विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अनुदानातून बांधलेल्या संडासाला तिनं कुलूप लावलं, कारण एका माणसामागं बादलीभर पाणी ओतायला आणायचं कुठून? बाया पहाटे नाहीतर दिवस बुडाल्यावर ओढ्याकाठच्या झुडपात जायच्या. त्या उन्हाळ्यात झुडपंही वाळली आणि सरपणाला गेली. गड्याला सगळं शिवार मोकळं असतं. त्यामुळं हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

एका सकाळी टँकर लागला होता. माझ्या हातात यादी, ओरडून ओरडून घसा बसलेला. रांग निम्मी झाली असेल, तोच बायको शेवटची जागा सोडून घागर घेऊन सरळ पुढं आली. माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. शब्द जड, एकात एक गेलेले. मला वाटलं, कंटाळली, आज मधूनच पाणी मागतेय, तेही अख्ख्या गावादेखत. माझा तोल गेला.

"मागं हो!" मी खेकसलो. "आपला नंबर शेवटी हाय, ठावं न्हाई का तुला?"

ती हलली नाही. पुन्हा काहीतरी बोलली. रांगेतला एक जण हसला. मी अजून चढ्या आवाजात ओरडलो. तेव्हा तिच्या उजव्या हातातून घागर सुटली. ती पडलेल्या घागरीकडं बघत राहिली आणि मग माझ्याकडं बघितलं, तेव्हा मला दिसलं की तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं आहे.

जीपमधून केजला आणि तिथून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्यातली रक्ताची नळी तुंबली होती, उजवं अंग गेलं होतं. दाबाचा आकडा बघून नर्सनं तो पुन्हा मोजला. तरुण डॉक्टरनं विचारलं, गोळी चालू होती का? मी छातीठोकपणे सांगितलं, "रोज. एक दिवस खंड न्हाई. मीच आनून देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे कपडे न्यायला घरी आलो. पेटी उघडली. लग्नातल्या शालूच्या घडीखाली गोळ्यांची पाकिटं होती, रबर लावून नीट ठेवलेली. मी आणलेली, सात महिन्यांची. एकही फोडलेलं नव्हतं. मी पेटीसमोर जमिनीवर बसलो आणि रडलो. आई गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

ती वाचेल की नाही, हे चार दिवस कुणी सांगत नव्हतं. वाचली. उठून बसायला तीन आठवडे लागले, आणि शब्द हळूहळू परत आले. नीट बोलायला लागल्यावर मी विचारलं, "कावून सोडली गं गोळी?"

"खाल्ली की सारखं जावं लागतं. दिवसाउजेडी कुठं जाऊ? आडोसा ऱ्हायला न्हाई. अन् वरून तहान लागती. घरात घागरभर पानी. अंगातलं पानी बाहीर काढायची गोळी त्या दिवसांत कशी खावी मानसानं?"

"मला सांगायचं न्हाई का?"

"तुमी पारावर बोलून आलते."

छावणीत आमची म्हैस रोज हौदावर पोटभर पाणी पीत होती. मी दर दोन दिवसांनी जाऊन ती नीट पिते का बघून येत होतो.

पुढं केजच्या त्याच डॉक्टरीणबाईंकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "अहो, दुसऱ्या गोळ्या आहेत. सारखं जायला न लावणाऱ्या. मला एक शब्द सांगितला असता, तर मी बदलून दिली असती." एवढंच होतं. मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. माझाही दाब वाढलेला निघाला. पोट माझंही सुटलं होतं, फक्त त्याला कुणी नाव ठेवत नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वरातीमागून घोडं, पण शहाणपण आलं. आम्ही दोघं आपापल्या गोळ्या एकाच वेळी, एकमेकांसमोर घेतो. लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. लोणी बंद केलं तेव्हा मला वाटलं, मी तिला पुन्हा गरिबीत ढकलतोय. पहिल्या वर्षी ती बरीच उतरली. तिचा भाऊ दिवाळीला आला आणि कळवळून म्हणाला, "दाजी, बहीन लई वाळली की हो." मी म्हणालो, "वाळली न्हाई, हलकी झाली. आता दाब ताब्यात हाय तिचा." त्याला पटलं नाही. मलाही पटायला आयुष्य लागलं होतं.

रोज सकाळी आम्ही कारखान्याच्या रस्त्यानं चालायला जातो. ती उजवा पाय जरा ओढत चालते. पारावरची म्हातारी मंडळी थट्टा करतात, "निघाला रे कोयता!" पूर्वी मला हा शब्द लागला असता. आता मी हात वर करून पुढं जातो.

एक गोष्ट विचारायचं धाडस मला फार दिवस होत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात चालता चालता विचारलं. त्या दिवशी रांग सोडून पुढं आलीस, काय मागत होतीस?

ती थांबली. म्हणाली, "पानी न्हवते मागत. हात गळाठला होता. मला धरा म्हनत होते."

तेव्हापासून चालताना मी तिच्या उजव्या बाजूला असतो आणि तिचा दंड धरतो. ती म्हणते, सोडा, लोक बघतात. मी सोडत नाही.