ओठांच्या कोपऱ्यातून

सातपूरच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर एक जुने कामगार होते. लग्नसराईत बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ओठ दाबून फुंकायचं पितळी वाद्य, वाजवायचे. जुन्या काळातल्या एका अमेरिकन जॅझवादकाची कॅसेट कायम त्यांच्या खिशात असे. "हा पाठ केलेलं नाय वाजवत, मनातलं बोलतो," म्हणायचे.

मोटरसायकलवरून पडून त्यांचे पुढचे दोन दात गेले, फुंक धरेना आणि बँडमालकानं दुसरा वादक घेतला. हे मात्र वर्षभर जेवणाच्या सुट्टीत शेडमागे ओठांच्या कोपऱ्यातून फुंकत राहिले. आम्ही हसायचो.

माझ्या वरातीला तोच बँड होता. मी हट्टानं त्यांना पुढे उभं केलं. ओळखीचं गाणं त्यांनी मधेच स्वतःच्या वाटेनं असं नेलं, की नाचणारेसुद्धा थांबून ऐकू लागले.

बँडमालक धावत आले. "उद्यापासून या!"

"येतो की. पण वाजवणार असंच."