दिवाळीपुरता कांदा बंद

शंकरपाळीचा डबा संपत आला की तळाशी चुरा उरतो. तो कुणी मुद्दाम साठवलेला नसतो, पण चहात टाकून खाल्ला तर अख्ख्या शंकरपाळीपेक्षा तोच भारी लागतो. आमच्या गल्लीतल्या दिवाळीचे किस्से असेच तळाशी साठलेत. डबा घासायला टाकायच्या आधी जेवढे हाताला लागतील तेवढे सांगते.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. इस्लामपुरात आमच्या गल्लीत फराळ एकटीनं कुणी करत नाही. आज हिच्याकडं करंज्या, उद्या तिच्याकडं शंकरपाळ्या, आणि ज्या त्या बाईनं आपापलं पोळपाट-लाटणं काखोटीला मारून यायचं. या कंपूच्या म्होरक्या दोघी. एक शेजारच्या शोभाकाकू, दुसऱ्या आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. मी माहेरची साताऱ्याची, शिक्षणानं लॅब टेक्निशियन. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला तरी 'थांबा, परत एकदा स्लाइड बघते' म्हणणारी जमात!

गेल्या दिवाळीत माझी लेक ओवी अगदी तान्ही होती. झोप नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं. शोभाकाकूंकडं करंज्या करताना कुणीतरी सहज म्हणालं, "तुझी करंजी फुटली गं." बास, एवढंच! मी जी रडायला लागले ती तळण संपलं तरी थांबेना. पाडवा झाला आणि माझी रवानगी साताऱ्याला. लॅबची नोकरी सुटली ती सुटलीच.

यंदा लॅबच्या मॅडमनी परत बोलावलंय. तुळशीचं लग्न झालं की मी कामावर जायचं आणि ओवीला आत्यांनी सांभाळायचं, असं माझं गणित. आत्यांना विचारलं तर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बघू. दिवाळी कशी जाती बघू, मग ठरवू."

झालं! म्हणजे दिवाळी ही माझी परीक्षा, आणि अख्खी गल्ली सुपरवायझर!

*

पहिला संशय मला आला तो सगळे गोड बोलायला लागले तेव्हा.

एरवी शोभाकाकू दारातून ओरडायच्या, "काय गं, उठलीस का अजून लोळतीयास?" आता त्या मान कलती करून, आवाज खाली आणून विचारायच्या, "बरी हायस न्हवं?" आपण बरे असलो तरी चारदा असं विचारल्यावर आपल्यालाच शंका यायला लागते.

एक दिवस फराळाचा कंपू आमच्याकडं होता आणि मी पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला. कांदा जुना, झणझणीत. डोळ्यांत पाणी आलं, मी बाहीनं पुसलं आणि वर बघितलं तर समोर आत्या, शोभाकाकू आणि शोभाकाकूंच्या मागं त्यांची सून. तिघीही लाटणी खाली ठेवून माझ्याकडं बघतायत!

"कांद्यानं येतंय," मी म्हटलं.

"व्हय, व्हय," तिघी एकदम म्हणाल्या. गेल्या वर्षी 'करंजीनं येतंय' म्हटल्यावर म्हणाल्या होत्या, अगदी तशाच!

आत्यांनी पुढं होऊन माझ्या पुढ्यातली विळी काढून घेतली. "दिवाळी हुईस्तोवर या घरात कांदा बंद. कांद्याचं रडं कुठलं आन् तुझं कुठलं, आमाला वेगळं वळखू येत न्हाई!"

संध्याकाळी नीलेश, म्हणजे माझा नवरा, बिनकांद्याचे पोहे चिवडत बसला. "आई, दिवाळीत कांदा चालत नाही का?"

"यंदा न्हाई चालत!"

*

मोबाईलला सगळं कळतं. मी एकदा फक्त 'सणात मन शांत कसं ठेवावं' एवढं शोधलं, तर तेव्हापासून एक गोरीपान बाई रोज स्क्रीनवर येऊन मला श्वास घ्यायला शिकवते. नाकानं हळू आत, तोंडानं हळू बाहेर, एक हात पोटावर. तिच्या मागं समुद्र असतो. माझ्या मागं कढई होती.

मी गॅससमोर उभी राहून डोळे मिटले, पोटावर हात ठेवला आणि तोंडानं 'फूऽऽ' केलं. शोभाकाकू तेवढ्यात साखर मागायला आल्या. बघितलं, थबकल्या आणि साखर न घेताच परत गेल्या. मला तेव्हाच संशय यायला हवा होता!

दुपारी साताऱ्याहून आईचा फोन. आवाज फुगलेला. "मला परक्याकडून कळायचं का हे? आणि ओवी अजून केवढी आहे गं!"

"काय कळायचं?"

"ते मी कशाला तोंडानं बोलू! ऑडिओ पाठवते, सुंठवडा कसा करायचा त्याचा."

संध्याकाळी नीलेश घरी आला. हातात आवळ्याचा मुरंबा, चेहरा पांढराफटक. किराणा दुकानदारानं म्हणे त्याचं अभिनंदन केलं होतं. बराच वेळ तो चपला काढत उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "मला कधी सांगणार होतीस?"

*

दिवस-बिवस काही गेलेले नाहीत, मी नुसता श्वास घेत होते, हे दोन्ही घरांना पटवून दिलं. मग नीलेश फारच चांगला वागायला लागला. ताट उचलायला लागला. ओवीचे कपडे वाळत घालायला लागला, तेही झटकून! एवढं म्हटल्यावर कुणाला संशय येणार नाही?

एकदा तो गच्चीवर कुणाशीतरी दबक्या आवाजात बोलताना ऐकू आला. मी जिन्यातच थांबले.

"हो, जेवली... हो, दोन चपात्या... नाही, चिडली नाही." मग थोडा वेळ नुसतंच 'हं, हं.' मग म्हणाला, "आज हसली पण, आई."

आई म्हणजे माझी आई! माझा रिपोर्ट रोज साताऱ्याला जात होता!

पलीकडून आईनं काहीतरी विचारलं असावं. कारण नीलेश एकदम गंभीर होऊन म्हणाला, "नाही, हसायला तसं कारण काही नव्हतं... हो, मी लक्ष ठेवतो."

*

समुद्रवाल्या बाईचं पुढचं म्हणणं असं की रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी ठेवा. दार लावा. काही करू नका.

मी जाहीर केलं. "आत्या, दुपारी मी अर्धा तास खोलीत बसणार आहे."

"काय करायला?"

"काही नाही."

"काय न्हाई करायला दार कशाला लावायचं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या व्हिडिओत नव्हतं. मी ओवीला त्यांच्याकडं दिलं आणि आत जाऊन कडी घातली.

पलंगावर पडते न पडते तोच दाराबाहेर पावलं वाजली.

"आवाज येतोय का?" शोभाकाकू.

"कायच येत न्हाई."

"निजली असंल."

"निजायचं असतं तर कडी कशाला घातली असती?"

"फोनवर असंल."

"मग बोलली असती की गं!"

मग दाराखालच्या फटीतून ओवीची बोटं आत आली. तिला तिथं कुणी बसवलं असेल, हे मी सांगायला नको. समुद्रवाली बाई म्हणते, मन रिकामं करा. मी श्वास रोखून, कान टवकारून त्या दोघींचा शब्द न् शब्द ऐकत होते. इतकं लक्ष मी कॉलेजातही कधी दिलं नव्हतं!

शेवटी आत्यांना राहवेना. दारावर थाप पडली. "काय नको बाई! बस तू निवांत. फकस्त एकदा ओ दे!"

"ओ!"

"दिली गं, दिली!" बाहेर दोघींनी एकदम श्वास सोडला. नाकानं आत, तोंडानं बाहेर!

*

'नाही म्हणायला शिका' हा त्यापुढचा धडा. मी आरशासमोर प्रॅक्टिस केली. 'मला जमणार नाही.' हसून, पण ठाम.

शोभाकाकू आल्या. "अनारशाचं पीठ मुरलंय, उद्या थापायला ये. तुझा हात हलका हाय."

"काकू, मला उद्या जमणार नाही."

शोभाकाकूंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग आत्यांकडं बघितलं. या गल्लीत अनारशाला नाही म्हणायची पद्धत नाही. पोट दुखतंय म्हणायचं, पाहुणे येणारेत म्हणायचं, उद्या बघते म्हणून जायचंच नाही. पण सरळ 'नाही'?

"काय दुखतंय का?"

"नाही."

"कोन काय बोललं का?"

"नाही."

"मंग?"

"मग काही नाही. जमणार नाही." हसून, पण ठाम!

त्या आल्या पावली परत गेल्या. मला वाटलं, जिंकले! दिवे लागले तशी त्यांची सून कागदाची पुडी घेऊन आली. शोभाकाकूंचं माहेर म्हसवड. पुडीत तिथल्या सिद्धनाथाचा अंगारा.

"आमच्या आत्या म्हणाल्या, कपाळाला लावा," ती माझी नजर चुकवत म्हणाली. "'न्हाई' बाहेर पडंल म्हणाल्या."

*

आता राहिली गिरण.

चकलीची भाजणीच काय, घरातलं कुठलंच दळण आत्या कुणाच्या हाती देत नाहीत. आधी कुणाचे गहू दळले असतील आणि त्यावरच आपली भाजणी टाकली, तर चकली मऊ पडते. म्हणून आत्या पिशवी घेऊन स्वतः जातात, स्वतः नंबर लावतात, समोर उभं राहून दळून आणतात. हे नीलेशच्या लहानपणापासून चाललंय. जायच्या दुपारी, यायच्या दिवे लागताना. कितीही वेळ लागला तरी एकच उत्तर, "गिरणीत लय गर्दी हाय!"

यंदा त्या एकदा भाजणी घेऊन आल्या आणि मी पिशवीत हात घातला. पीठ गार!

आता, गिरणीतून आलेलं पीठ हाताला गरम लागतं. हे कळायला लॅब टेक्निशियन व्हावं लागत नाही. गिरण आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. म्हणजे पीठ कधीच दळून झालं होतं. मग आत्या होत्या कुठं?

माझं डोकं सुरू झालं. डॉक्टरांकडं जातायत का माझ्याबद्दल विचारायला? की साताऱ्याला फोन करतायत? 'दिवाळी झाली की हिला घेऊन जावा' असं?

दोन दिवसांनी त्या पुन्हा निघाल्या. पलूसहून भाऊबीजेला येणाऱ्या त्यांच्या लेकीसाठी जादाची भाजणी. "दळून येते," म्हणाल्या. मी थोडा वेळ जाऊ दिला, ओवीला शोभाकाकूंच्या मांडीवर ठेवलं, "आलेच," म्हटलं आणि त्यांनी काही विचारायच्या आत सटकले.

गिरणीत चिटपाखरू नव्हतं. पट्टा बंद. गिरणवाला स्टुलावर बसून मोबाईलवर कुस्ती बघत होता.

"आमच्या आत्या आल्या होत्या का?"

त्यानं मान वर न करता अंगठा मागं दाखवला. "हायत की मागं. नेहमीच्या जागी."

मागं लिंबाचं झाड, सावलीत रिकाम्या पोत्यांची थप्पी. थप्पीवर आत्या. चपला काढलेल्या, पाय लांब सोडलेले, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. शेजारी भाजणीची पिशवी, तोंड बांधून तयार. मांडीवर भडंगाचा कागद. त्या एकेक शेंगदाणा निवडून तोंडात टाकत होत्या, आणि कुणाकडंही बघत नव्हत्या. इतक्या दिवसांत मी त्यांना अशा बसलेल्या कधी बघितलंच नव्हतं.

पायाखाली पालापाचोळा वाजला. आत्यांनी मान वर केली. मी बघितलं, त्यांनी बघितलं.

"पोरगी कुठाय?"

"शोभाकाकूंकडं."

त्यांनी पिशवी उचलून पलीकडं ठेवली. थप्पीवर एका माणसाची जागा झाली. मी बसले.

"तू कामावर गेलीस म्हंजे ओवी दिसभर माझ्यापाशी," त्या समोर बघत म्हणाल्या.

"हो."

"मग दळान कोन आणनार?"

"नीलेशला सांगू की."

"न्हाई!" एवढ्या जोरात की गिरणवाल्यानं मागं डोकावून बघितलं. मग हळू आवाजात, "त्याला कळतंय व्हय, आधी गहू होतं का तांदूळ!"

मी विचार केला. "मला रविवारी सुट्टी असते, आत्या. दळण रविवारी ठेवू. ओवी माझ्याकडं."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"तेवढं दळान निघंल का घरात?"

"काढू की."

आत्यांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. मग भडंगाचा कागद माझ्यापुढं सरकवला. "तुळशीचं लगीन झालं की जा मग. मॅडमला फोन करून सांग."

मी घास घेतला. त्यात बारीक चिरलेला कच्चा कांदा होता, भरपूर! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आत्यांनी एकदा बघितलं आणि परत शेंगदाणे निवडायला लागल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नीलेश. पाठीमागून शोभाकाकूंचा आवाज, "विचार, विचार, बरी हाय न्हवं!"

"कुठं आहेस? आई पण अजून आली नाही. काही झालंय का?"

मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी पाय आणखी लांब सोडले.

"गिरणीत आहे," मी म्हटलं. "लय गर्दी हाय!"