घंटीवरची वेल

दर रविवारी जुन्या सायकलींची हौस असलेली मंडळी माझ्या दुकानात जमतात आणि विचारतात, "काका, सगळ्यांच्या घंट्यांवर नक्षी, तुमचीच घंटी कोरी का?" सांगून सांगून तोंड दुखलं. एकदाचं लिहून टाकतो. चौथी शिकलोय, शुद्धलेखनाच्या चुका काढू नका.

नारायण पेठेत मी भांड्यांवर नावं घालायचो. आता डब्यावर नाव कोणाला हवंय? म्हणून सायकलींचे मडगार्ड, घंट्या, चेनकव्हर कोरतो. बफ मारून, म्हणजे चाकावर घासून गुळगुळीत करून, निकेल चढवतो तो दत्तू, माझा जुना दोस्त. आधी बफ, मग नक्षी, मग निकेल. नक्षीवर बफ फिरला की नक्षीच जाते. हे त्याला सांगण्यात जन्म गेला.

*

वारज्याचा एक आयटीवाला मडगार्ड घेऊन आला. "काका, नक्षी शंभर वर्षं जुनी वाटली पाहिजे."

"कोरून ठेवतो. न्यायला पणतवाला पाठवा."

*

सदाशिव पेठेतले एक रिटायर मास्तर. स्वतःच्याच सायकलच्या चेनकव्हरवर नाव घालायचं होतं. माझा हात भांड्यांचा. नावाआधी 'सप्रेम भेट' कोरून मोकळा झालो.

मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं. म्हटलं, घासून काढतो.

"राहू द्या हो. आजवर कोणी दिली नव्हती."

*

दत्तूला खरखरीत काही बघवत नाही. एकदा घरचा लोखंडी तवाच बफ मारून चकाचक केला. पोळ्या काही धड होईनात.

वहिनींनी तवा त्याच्या ताटात ठेवला. म्हणाल्या, "यात तोंड बघा आणि उठा."

*

माझ्या घंटीवर वेल होती. हिनं खडूने काढून दिलेली, रांगोळीत काढायची तीच. एक पान उलटं वळलेलं. मी म्हटलं, हे सरळ कर.

"असू दे. वाऱ्यानं वळलंय."

तसंच कोरलं.

ही गेली. घंटी काळवंडली. दत्तूकडे दिली, बजावून सांगितलं, "वेलीवर बफ लावू नकोस. हातानं पूस आणि निकेल दे."

चार दिवसांनी घेऊन आला. आरशासारखी. मी फिरवून फिरवून बघितली.

"बघ, तोंड दिसतंय," दत्तू म्हणाला.

दिसत होतं. माझं एकट्याचं.

"वेल कुठाय?"

"अरे, तुझ्याच हातची होती ना? परत कोर की."

घंटी बसवली. वाजते चांगली. तो अजून रविवारी येतो, चहा पितो, पेठेतलं सगळं बोलतो. फक्त माझ्या सायकलकडे पाठ करून बसतो.

घंटी कोरी का, ते यापुढे मला विचारू नका. त्या पाठ करून बसलेल्याला विचारा. दत्तूला.