अक्काच्या ओव्या आणि निघालेली वायर

अक्काच्या ओव्या रेकॉर्ड करताना कॉम्प्युटरने मला फसवलं. माझ्या या थोरल्या बहिणीला जातं फिरवल्याशिवाय ओवी आठवत नाही, म्हणून माइक जात्याशेजारी ठेवला होता. तिच्या हाताच्या झोक्याने त्याची वायर निघाली. सॉफ्टवेअर गुपचूप कॉम्प्युटरमधल्या माइकवर गेलं. पडद्यावरची आवाजाची रेघ हलत होती, म्हणून मी निर्धास्त राहिलो.

आता ऐकतो तर जवळ कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर आणि फार लांब अक्का. माणसं अशीच दूर जात असतात, आपण समोर बसलेले असताना.

“परत गा ना, अक्का.”

“दम कुठंय रे आता? तूच गा, भांडायला बरा गळा आहे तुझा.”

ती हसली आणि खोकत राहिली. वायर निघाल्याचं न सांगणारं हे सॉफ्टवेअर ज्याने बनवलं, त्याने इथे येऊन तिला पुन्हा गायला सांगावं.